साक्षीत नसलेली सकाळ

दिवेलागण झाली होती आणि मी मशीनवर जांभळ्या साडीला पिको करत होते. सुई दिसेनाशी झाली होती, पण एवढी किनार संपवून उठू म्हणत तशीच रेटत होते. आमच्या खोलीत बटणांचा बोर्ड नेमका मशीनपाशी, माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर आहे. वायरमनला जिथे सोपं पडलं तिथे त्याने तो ठोकला. शांतवन दुकानातून आले. चपला काढल्या, जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "अंधारात कशाला डोळे फोडून राह्यलीस." मग माझ्या मागून त्यांनी बोर्डाकडे हात उचलला. एवढंच झालं. माझी मान खाली गेली, कोपर डोक्यावर आला, डोळे गच्च मिटले. पाय मात्र पायडलवर तसाच चालू राहिला आणि साडीची किनार सुईखाली गोळा होत गेली. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. मी कोपर खाली घेतला तेव्हा नवऱ्याचा हात अजून बटणावरच होता आणि ते माझ्याकडे बघत होते. "मच्छर होतं," मी म्हणाले. "हां," ते म्हणाले. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले, आणि पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

आमची लेक प्रिया रांगत होती तेव्हापासून या माणसाने माझ्यावर हात उचललेला नाही. आता प्रिया नोकरीला लागली, तिला स्थळं येऊ लागली. हे मी देवासमोर सांगते, आणि देवासमोर सांगायची आमच्या घरात सवयच आहे. शांतवन जुन्या जालन्यात हीरालालशेठच्या कापडाच्या ठोक दुकानात आहेत. शेठ गल्ल्याची चावी त्यांच्याकडे देऊन बिनघोर राजस्थानला लग्नाला जातात. एके काळी हाच शेठ त्यांना दुकानाच्या पायरीवरून हाकलायचा. दारू सुटली, शिवी सुटली, पगार पाकिटासकट माझ्या हातात येऊ लागला. माझे पाय सुजले तर शेजारपाजार बघत असताना ओट्यावर बसून तेल लावून देतात. माणूस बदलत नाही, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं म्हणणाऱ्या माझ्या सासूने मरताना ती म्हण परत घेतली होती. मग मी कशाला वाकले? हा प्रश्न मी त्या संध्याकाळी पिठात पाणी घालताना स्वतःला विचारला, आणि पाणी जास्त झालं. जेवणानंतर आमची घरची प्रार्थना असते. रोज शांतवन करतात. त्या दिवशी ते म्हणाले, "प्रिया, आज तू कर." प्रियाने सगळ्यांसाठी मागितलं, आईकडच्या आजीच्या गुडघ्यांसाठी, पाऊसपाण्यासाठी, आणि या घरातल्या शांतीबद्दल आभार मानले. मी आमेन म्हणाले. शांतवन ताटं उचलायला उठले.

शांतवनची साक्ष आमच्या भागात नावाजलेली आहे. साक्ष म्हणजे चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून प्रभूने आपलं काय केलं ते सांगायचं. लोक गाणी ऐकतात, प्रवचनाला जांभया देतात, पण साक्षीला सरसावून बसतात. शांतवनला अंबडला बोलावतात, परतूरला बोलावतात, घरोघरच्या सभांना तर विचारूच नका. मी बायकांच्या बाजूला पुढे बसते, कारण मला पुढे बसवतात. ते आधी दारूच्या गुत्त्याचं सांगतात, मग आईचे दागिने मोडल्याचं, मग माझं. पावसाळ्यातली एक रात्र आहे, त्यात पाण्याची बादली आहे, मी दाराबाहेर आहे आणि पोर आत रडतंय. तिथे ते थांबतात. मग उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर करून म्हणतात, "याच हातानं." तेव्हा बायकांच्या सगळ्या माना माझ्याकडे वळतात आणि शेजारची कुणीतरी माझ्या मांडीवर हात ठेवते. त्या वेळी पदर सारखा करायचा, हे मी कधी शिकले कोण जाणे. पहिल्या वर्षी ते सांगताना अडखळायचे, रडायचे, मधेच बसून घ्यायचे. आता कुठे थांबायचं ते त्यांना पाठ आहे. ढोंग म्हणाल तर बिलकुल नाही. पण एकच साडी रोज नेसली की तिच्या घड्या ठरून जातात, तसं त्या साक्षीचं झालं आहे. प्रिया लहान असताना बाहुलीला ती साक्ष सांगायची. "याच हातानं," असं म्हणून बाहुलीचा प्लास्टिकचा हात वर करायची, आणि आम्ही दोघं हसायचो. मी तोंडावर हात ठेवून हसायचे. मी कायम तोंडावर हात ठेवूनच हसते. त्याचं कारण मला कुणी विचारलेलं नाही.

या वर्षी एक जानेवारीच्या उपासनेत वचनांचं ताट फिरलं. ताटात कागदाच्या बारीक गुंडाळ्या असतात, प्रत्येकीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन. डोळे मिटून एक उचलायची. जे निघेल ते तुमचं वर्षाचं. लोक ते कपाटावर चिकटवतात, त्याच्यावर मुलांची लग्नं ठरवतात, ऑपरेशनला जाताना ब्लाउजात ठेवतात. मला पौलाच्या पत्रातलं आलं: जगाच्या साच्यात बसू नका, मन नवं करून घ्या आणि बदलून जा, अशा अर्थाचं. शांतवनने माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही तर माझीच साक्ष हाय," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या कागदावर पिकापाण्याचं काहीतरी होतं. माझ्या हाताला आलेलं वचन त्यांनीच फ्रिजवर चिकटवलं, चारी कोपऱ्यांना टेप लावून. मी रोज दूध काढताना ते वाचते. मला शास्त्र आवडतं, हे इथे सांगून ठेवते, नाहीतर कुणी म्हणेल नवऱ्यामागून चर्चला आली आणि ओठांनी गाते. पहाटे पाणी भरून झालं की मी पायरीवर बसून वाचते. त्यातली जी गाणी रडकी आहेत, जिथे माणूस देवाला विचारतो की किती काळ, ती मला माझी वाटतात. ती गाणी वाचताना मला कुणी पुढे बसवत नाही.

मन ही गोष्ट मला माहेरीच माहीत झाली होती. माझे वडील तातेराव, आमचे दादा, वडीगोद्रीला शाळामास्तर होते. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, रोज सकाळी वंदना, तिच्यावरूनच माझं नाव. दादा म्हणायचे, जे काही होतं ते आधी मनात होतं; म्हणून मनावर पहारा ठेव. शांतवनची आत्या आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स होती, तिने हे स्थळ आणलं. स्थळ ख्रिस्ती म्हणून भावकीतल्यांनी नाकं मुरडली. दादा म्हणाले, "जात सोडून आलेली माणसं आपण, अन् पुन्हा कुंपण घालायचं व्हय?" पुढे शांतवन सुधारले आणि मी त्यांच्यासोबत पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आई, गिरिजाबाई, एवढंच म्हणाली, "मारायचा थांबला ना? मंग कोणाच्याबी नावानं थांबू दे." दादांनी मात्र विचारलं होतं, "त्याचं मन बदललं ते दिसून राह्यलं. तुझं काय, बाई?" मी हसले होते, अर्थात तोंडावर हात ठेवून. त्या वेळी मला तो प्रश्न धर्माचा वाटला. आता दादा नाहीत, आणि तो प्रश्न कशाचा होता ते मला एका ट्यूबलाइटने कळवलं.

जांभळ्या साड्या महिला रविवारच्या होत्या. त्या रविवारी आमच्या मंडळीत सगळी उपासना बायका चालवतात आणि सगळ्याजणी एकसारखी साडी नेसतात. यंदाच्या साड्या हीरालालशेठकडून ठोक भावात शांतवननेच आणल्या, आणि फॉल-पिको अर्थातच माझ्याकडे. ज्या साडीची किनार सुईखाली गोळा झाली ती मी स्वतःला ठेवली. दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई, म्हणजे पास्टरांच्या बायको, नंदाबाई साड्या न्यायला आल्या. चहा घेतला, फ्रिजवरचं वचन मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "वंदनाताई, यंदा साक्ष तुमची. आम्ही भाऊंची बाजू इतके वर्षं ऐकली. आता तुम्ही सांगा, प्रभूनं तुमचं मन कसं नवं केलं, कशी क्षमा दिली. बाया कच्च्या हायेत हो, त्यांना बळ भेटन." मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या वेळी प्रिया दारात उभी होती आणि तिचे डोळे चमकत होते. "मम्मी, सांग ना. पप्पांचीच ऐकून ऐकून पाठ झाली," ती म्हणाली. मी हो म्हणाले. त्या गेल्यावर मी कपबशा विसळल्या. मला शांतवनचा राग आला नाही, नंदाबाईंचाही नाही. मला त्या तयार जागेचा राग आला. क्षमा केलेल्या बाईसाठी मंडळीने एक खुर्ची मांडून ठेवली होती आणि त्यात मी इतकी वर्षं पदर सारखा करत बसले होते.

त्या आठवड्यात मी मशीनवर बसून साक्ष जुळवून बघितली. प्रभूने माझं मन नवं केलं. इथून सुरुवात. पुढचं वाक्य येईना. त्याऐवजी एक सकाळ येत राहिली. नाताळ जवळ आला होता, मी अंगणात उन्हात बसून करंज्या भरत होते. शांतवनने सासूला शब्द दिला होता, सण होईपर्यंत थेंब घेणार नाही, आणि तो पाळला होता. ते न्हाऊन बाहेर आले. अंगाला साबणाचा ताजा वास, केस ओले, नवा सदरा. सदऱ्याची गुंडी खालीवर लागली होती, एक टोक लोंबत होतं. मला हसू आलं. चांगलं मोकळं हसले मी, माहेरी हसायचे तशी. ते जवळ आले आणि त्यांनी मला कानाखाली मारली. शांतपणे. मग तिथेच उभं राहून गुंड्या सोडल्या, पुन्हा नीट लावल्या आणि चर्चला गेले. सारण माझ्या मांडीवर सांडलं होतं, ते मी वेचून पुन्हा भरलं, कारण नारळ महाग होता. बादलीची रात्र मला आठवते ती त्यांच्या साक्षीसारखीच, दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखी. त्या रात्री समोर दारू होती, माणूस नव्हता. दारूवर राग धरता येतो, दारू सोडवता येते. त्या सकाळी फक्त माणूस होता. दारूचा वास आमच्या घरातून केव्हाच गेला. साबणाचा वास दर रविवारी येतो, आणि दर रविवारी मी त्याच्या शेजारून चर्चला चालत जाते.

शनिवारी शांतवन दुपारीच आले. प्रिया मैत्रिणीकडे गेली होती. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "त्या दिवशी मच्छर नव्हतं." नव्हतं, मी म्हणाले. "मी लाइटच लावून राह्यल्तो, वंदना." मला माहीत आहे, मी म्हणाले. ते बराच वेळ टोपीची शिवण बोटाने चाचपत राहिले. "इतक्या वर्षांनी? मी सगळं कबूल केलं. लोकांपुढं केलं, काही ठेवलं न्हाई." तेव्हा मी त्यांना ती सकाळ सांगितली. करंज्या, ऊन, गुंडी, साबण. सांगताना माझा आवाज कापला नाही, याचं मला नवल वाटलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी पडत गेली. "मी पेल्यालो असीन," ते म्हणाले.

"न्हाई. शब्द दिल्ता तुम्ही आईला. पाळला."

"कोणत्या साली?"

"प्रिया पोटात होती तवा."

त्यांनी डोळे मिटले. खरोखर शोधत होते. किल्ली हरवलेला माणूस तेच खिसे पुन्हा पुन्हा बघतो, तसे. मी थांबले. मला वाटत होतं, आठवू दे. आयुष्यात देवाकडे इतक्या कळकळीने मी काही मागितलं नसेल, की याला ती सकाळ आठवू दे. "मला याद न्हाई, वंदना," ते शेवटी म्हणाले. "खोटं बोलून राह्यलो न्हाई. बिलकुल याद न्हाई." ते खोटं बोलत नव्हते, ते मला दिसत होतं. म्हणजे त्या सकाळचा पश्चात्ताप झालेलाच नव्हता. तिची क्षमा कुणी मागितली नव्हती आणि मी ती दिली आहे असं सगळी मंडळी धरून चालली होती. ती सकाळ जगात फक्त माझ्याकडे होती. मी उठून चहा ठेवला. ते म्हणाले, "उद्या हे सांगणार हायेस?" त्यांच्या आवाजात भीती होती. मला ती ओळखू आली, कारण ती माझी होती, त्यांच्याकडे पहिल्यांदाच गेली होती. मी म्हणाले, अजून ठरवलं नाही.

रविवारी चर्चमध्ये जांभळंच जांभळं. माझ्या साडीची किनार पायाशी चुण्या होऊन उचलली होती, चालताना घोट्याला लागत होती. पंखे चालू होते तरी उकडत होतं. नंदाबाईंनी माझं नाव घेतलं, मी उठून पुढे गेले. पुरुषांच्या बाजूला शांतवन नेहमीपेक्षा मागच्या बाकावर होते. मी माइक धरला आणि मला समोर सगळ्यांचे चेहरे दिसले, ऐकायला सरसावलेले. करंज्यांची सकाळ जिभेवर आली होती. पण त्यांना आवडेल अशी ती गोष्ट होती, हे मला त्या क्षणी कळलं. ती सांगितली की तिच्याही घड्या पडल्या असत्या, पुढच्या वर्षी परतूरला बोलावलं असतं, आणि कुठे थांबायचं ते मलाही पाठ झालं असतं. मी म्हणाले, "माझ्या मालकाचं मन प्रभूनं नवं केलं. ते खरं हाय, मी रोज बघते. माझं झालं न्हाई. मी रोज वाचते, रोज मागते. तरी मागल्या आठवड्यात त्यांनी लाइट लावायला हात उचलला अन् मी डोकं झाकलं. इतक्या वर्षांनी. मला बळ भेटलेलं न्हाई, मी कोणाला काय देऊ. माझ्यासाठी प्रार्थना करा." एवढं बोलून मी माइक ठेवला. साक्ष अशी संपत नाही. मग नंदाबाईंच्या तोंडून सवयीने आलं, "प्रभूची स्तुती असो," आणि सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. म्हटल्यावर काहीजणींच्या लक्षात आलं आणि त्यांनी माना खाली घातल्या. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. या वेळी कुणी माझ्या मांडीवर हात ठेवला नाही.

उपासना सुटल्यावर बायका चपला शोधण्यात फार वेळ गुंतून राहिल्या. प्रिया रडली होती आणि वडिलांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. तिच्या हातातली गोष्ट मी मोडली होती, हे मला समजत होतं. गोजरबाई तेवढ्या आल्या, काठी टेकत. मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आजवर कधी साक्ष न दिलेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माझा तर मरूनबी गेला. दाराची कडी वाजली की मी अजून भिताडाला लागती." आणि पुढे निघून गेल्या. मला रडू यायला हवं होतं. मला फक्त वाटलं की शास्त्रातल्या त्या रडक्या गाण्यांच्या मागे अशाच कुणीतरी बायका बसलेल्या असणार, नाव न सांगता. घरी येताना शांतवन पुढे चालत होते आणि मी मागे. वळणावर ते थांबले, मी गाठेपर्यंत थांबून राहिले. साबणाचा वास आला.

त्या रविवारनंतर त्यांना अंबडहून साक्षीचं बोलावणं आलं. फोनवर ते म्हणाले, "सध्या न्हाई जमणार. मला एक गोष्ट अजून याद येऊन न्हाई राह्यली." पलीकडच्याला काय कळलं असेल देव जाणे. चार दिवसांनी एका सकाळी प्रिया दूध काढताना फ्रिजपाशी थांबली, ते वचन चारी टेप अलगद सोडवून काढलं आणि माझ्या मशीनच्या खणात ठेवलं. "तुझं हाय ना ते," म्हणाली. मी अजून पायरीवर बसून वाचते. अजून मागते. मनात काही उतरलं आहे असं मला म्हणता येत नाही, आणि न उतरलेलं उतरलं म्हणून सांगायची आता गरजही राहिलेली नाही.

काल पुन्हा दिवेलागणीला मी मशीनवर होते. शांतवन आले, चपला काढल्या, डबा ठेवला. मग दारातच उभे राहिले. "वंदना, लाइट लावून राह्यलो," ते म्हणाले. मी लावा म्हणाले आणि दोन्ही हातांनी मशीनचा पत्रा घट्ट धरला. ते माझ्या मागून नाही, समोरून, मला दिसेल असे आले. तरी माझी मान खाली गेलीच. थोडी कमी की तेवढीच, मला सांगता येणार नाही. ट्यूब लुकलुकून लागली. मी वर पाहिलं. बोर्ड त्यांच्या उजव्या बाजूला पडत होता, म्हणून ते अंग वाकडं करून, टाचा उंचावून डाव्या हाताने बटण दाबत उभे होते. उजवा हात त्यांनी पाठीमागे धरला होता.